गट विम्यावरचा कर आणि एकवीस हजारांपुढचा कामगार

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

वस्तू व सेवा कर परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो अमलात आला. स्वतःसाठी, बायकामुलांसाठी किंवा वृद्ध आईवडिलांसाठी पदरमोड करून पॉलिसी घेणाऱ्या माणसाला त्यामुळे दिलासा मिळाला आणि त्याचे जे स्वागत झाले ते रास्तच होते. त्या स्वागताच्या गडबडीत एक गोष्ट मात्र नजरेआड राहिली. कारखाना, दुकान किंवा कार्यालय चालवणारा मालक आपल्या माणसांसाठी जो गट विमा उतरवतो, त्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर जसाच्या तसा आहे. त्याविषयी एका लहान कारखानदाराच्या बाजूने काही मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी छोटी फाउंड्री आणि तिला जोडून मशीन शॉप आहे. अडतीस माणसे कामाला आहेत. त्यांपैकी सत्तावीस जणांना कर्मचारी राज्य विम्याचे, म्हणजे सगळे ज्याला ईएसआय म्हणतात त्याचे, संरक्षण आहे. उरलेले अकरा जण या योजनेच्या बाहेर आहेत, कारण त्यांचा पगार महिन्याला २१,००० रुपयांच्या पुढे गेला आहे. हे अकरा जण म्हणजे कोणी अधिकारी नव्हेत. त्यांत दोन टर्नर आहेत, फर्नेसवरचा अनुभवी माणूस आहे, पॅटर्न बनवणारा आहे, स्टोअर सांभाळणारा आहे आणि हिशेब पाहणाऱ्या बाई आहेत. दहा-पंधरा वर्षे एका जागी इमानाने काम केल्यावर कोल्हापुरात कुशल कामगाराचा पगार जिथे पोहोचतो, तिथे ते पोहोचले आहेत, एवढेच.

२१,००० ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. त्याआधी ती १५,००० होती आणि २०१० पासून होती. म्हणजे मागची वाढ सात वर्षांच्या आत झाली होती. आताची मात्र नऊ वर्षे होऊन गेली तरी हे पत्र लिहीपर्यंत तिथेच आहे. या नऊ वर्षांत शस्त्रक्रियेचा, तपासण्यांचा आणि खाटेचा दर कुठून कुठे गेला हे वाचकांना सांगायला नको. पगारही वाढले, निदान आकड्यांत वाढले, आणि त्या वाढीनेच अनेकांना योजनेबाहेर ढकलले.

ईएसआयबद्दल तक्रारी पुष्कळ ऐकू येतात आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. पण ती योजना कागदावर काय देते, हे तिच्यावर टीका करणाऱ्यांनी एकदा शांतपणे वाचावे. १ जुलै २०१९ पासून मालकाचे अंशदान पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के आहे. २१,००० पगारावर कामगाराच्या खिशातून महिन्याला दीडशेच्या थोडे वर आणि मालकाच्या खिशातून सातशेच्या थोडे आत, एवढीच ही रक्कम होते. त्या बदल्यात कामगाराला, त्याच्या पत्नीला आणि मुलांना, तसेच त्याच्यावर अवलंबून असलेल्या कमी उत्पन्नाच्या आईवडिलांना उपचार मिळतात आणि त्या उपचारांच्या खर्चाला विम्याच्या रकमेसारखी वरची मर्यादा नाही. शिवाय आजारपणात घरी बसावे लागले तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. खासगी मेडिक्लेम पॉलिसी रुग्णालयाचे बिल भरते. बुडालेला पगार ती देत नाही. म्हणून पगारवाढीचे पत्र हातात पडल्यावर आमच्याकडचा एक टर्नर म्हणाला होता, "मालक, वाढ थोडी कमी द्या, पण ईएसआयचं कार्ड तेवढं जाऊ देऊ नका." पगारवाढ नको म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्या वेळी मला हसू आले होते. पुढे त्याच माणसाच्या बाबतीत जे घडले, त्यानंतर मला त्या बोलण्याचे हसू कधी आले नाही.

ही गोष्ट जरा तपशिलात सांगतो, कारण योजनेच्या नियमातील एक खाचखळगा अनेक मालकांनाही ठाऊक नसतो. ईएसआयची वर्गणी सहामाही धरून चालते: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहामाही सुरू झाल्यावर मधेच पगार मर्यादेपलीकडे गेला, तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि माणूस योजनेतच राहतो. त्या सहामाहीच्या वर्गणीवर मिळणारे लाभ पुन्हा वेगळ्या सहामाहीत मिळतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ त्यापुढील जुलै ते डिसेंबर या काळात. त्यामुळे आमच्या टर्नरचा पगार २०१७ च्या दिवाळीनंतर २१,००० च्या पुढे गेला, वर्गणी मार्च २०१८ पर्यंत गेली आणि त्याचे कार्ड डिसेंबर २०१८ पर्यंत चालत राहिले. मधल्या काळात त्याने मुलाला ताप आला तेव्हा औषधही घेतले. संरक्षण संपते आहे याची जाणीव ना त्याला राहिली, ना मला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या पत्नीच्या पित्ताशयातील खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आली. एका खासगी रुग्णालयात तिला दाखल करावे लागले, अतिदक्षता विभागात आठवडा काढावा लागला आणि बिल दोन लाखांच्या पुढे गेले. त्याने पतसंस्थेचे कर्ज काढले, बायकोच्या अंगावरचे डाग गहाण ठेवले आणि उरलेली उचल माझ्याकडून घेतली. ती उचल फेडायला त्याला सव्वादोन वर्षे लागली. ज्या पगारवाढीमुळे त्याचे कार्ड गेले, ती वाढ महिन्याला अकराशे रुपयांची होती.

त्या वर्षी मी पहिल्यांदा गट विमा घेतला. मोठ्या कंपन्यांत याला काही विशेष मानत नाहीत; पुण्या-मुंबईत नोकरीला लागणाऱ्या मुलाला नेमणुकीच्या पत्राबरोबरच विम्याचे ई-कार्ड मिळते आणि ते त्याला गृहीतच वाटते. देशातील आरोग्य विम्याच्या एकूण हप्त्यांपैकी निम्म्याहून अधिक हप्ता आज गट विम्याचा आहे, तो मुख्यतः अशाच मोठ्या आस्थापनांच्या जोरावर. पण अकरा माणसांचा गट घेऊन बाजारात गेले की वागणूक बदलते. काही कंपन्या एवढ्या लहान गटाला दरच देत नाहीत. ज्या देतात त्या आईवडिलांना वगळायला सांगतात, बाळंतपणाची तरतूद वगळतात किंवा रक्कम इतकी कमी ठेवतात की तिचा उपयोग पहिल्या तीन दिवसांपुरताच व्हावा.

तरीही गट विम्याचे जे खरे बळ आहे, ते लहान गटातही मिळू शकते. बहुतेक गट पॉलिसींत पूर्वीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षा कालावधी लावला जात नाही. मधुमेह असो, रक्तदाब असो, पूर्वी झालेली हृदयाची शस्त्रक्रिया असो, यादीत नाव गेल्यापासून माणूस संरक्षित होतो. वैयक्तिक पॉलिसी घेताना हेच आजार जाहीर करावे लागतात, कंपनी वैद्यकीय तपासणी मागते, हप्ता वाढवते, कधी नकारही देते. पॉलिसी दिलीच तरी त्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. २०२४ पूर्वी तर ही मुदत चार वर्षांची होती. फर्नेससमोर वीस वर्षे घालवलेल्या, पन्नाशीला आलेल्या माणसाला विमा कंपनीच्या दारात एकट्याने उभे केले, तर त्याच्या वाट्याला काय येईल हे सांगायला जाणकार लागत नाही. तो संरक्षित होतो तो केवळ दहा जणांबरोबर एका यादीत असल्यामुळे. विमा या कल्पनेचा मूळ अर्थही हाच नाही का?

यात माझ्याही चुका झाल्या आणि त्या मी लपवत नाही. पहिली पॉलिसी मी हप्ता बघून घेतली, अटी बघून नव्हे. विम्याची रक्कम कुटुंबामागे दोन लाख आणि खोलीचे भाडे तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला २,००० रुपये. ही अट फक्त खोलीपुरती असते असा माझा समज होता. आमच्या पॅटर्न बनवणाऱ्या गृहस्थांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केले तेव्हा साध्या वॉर्डात खाट नव्हती, म्हणून त्यांनी ४,००० रुपयांची खोली घेतली. दावा मंजूर होऊन आला तेव्हा खोलीच्या भाड्याबरोबर शस्त्रक्रियागृहाचा आकार, डॉक्टरांची फी आणि शुश्रूषेचा खर्चही निम्मा कापलेला होता. औषधे, शरीरात बसवायची जाळी आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, एवढे विमा नियामक प्राधिकरणाने २०२० पासून स्पष्ट केले आहे, म्हणून तेवढे तरी वाचले. कंपनीने काही नियमबाह्य केले नव्हते. पॉलिसीत ते छापलेलेच होते, फक्त बावीस पानी इंग्रजीत होते, ती पॉलिसी माझ्या कपाटात होती आणि पेशंटच्या हातात होते एक कार्ड. वैयक्तिक पॉलिसीधारकाला आता मुख्य अटींचे माहितीपत्रक मिळते आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेतही मिळायला हवे असा दंडक आहे. गटातील कामगाराच्या हाती मराठीतले असे एक पानसुद्धा मी आजवर पाहिलेले नाही. शेवटी आमच्या हिशेब पाहणाऱ्या बाईंनीच अटींचा मराठी गोषवारा करून टाइम ऑफिसबाहेर लावला. तो वाचून कामगारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे ब्रोकरलाही लगेच देता आली नाहीत, ही गोष्ट वेगळी.

चूक दुरुस्त करायची म्हणून पुढच्या वर्षी खोलीभाड्याची अट काढली, रक्कम तीन लाख केली. मग लहान गटाचे दुसरे दुखणे समोर आले. गट पॉलिसी ही एका वर्षाची असते आणि नूतनीकरणाचा हप्ता मागच्या वर्षीच्या दाव्यांवर ठरतो. हजार माणसांच्या गटात दोन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या तर त्या हिशेबात विरघळून जातात. अकरा कुटुंबांच्या गटात त्याच दोन शस्त्रक्रिया झाल्या की दाव्यांची रक्कम भरलेल्या हप्त्याच्या दुप्पट-तिप्पट होते आणि कंपनी एक तर दर भरमसाठ वाढवते किंवा नम्रपणे दुसरीकडे चौकशी करायला सांगते. वैयक्तिक पॉलिसी दावा केला म्हणून नूतनीकरणाला नाकारता येत नाही. तो ग्राहकाचा हक्क मानला गेला आहे. गटाला असे कवच नाही. परिणाम असा होतो की आजारी माणूस बरा होऊन कामावर येतो आणि सहकाऱ्यांकडे अपराध्यासारखा बघतो. हे मी पाहिले आहे आणि ते पाहणे बरे वाटत नाही.

आता कराकडे येतो. समजा, अकरा कुटुंबांच्या पॉलिसीचा हप्ता १,६०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्क्यांनी २८,८०० रुपये जीएसटी होतो. फाउंड्रीत मी पिग आयर्न, स्क्रॅप, कोक, रेझिन, ग्राइंडिंग व्हील असे जे काही घेतो, त्यावर भरलेला कर मला माझ्या कास्टिंगवरच्या करातून वजा करून मिळतो. ऑडिटरच्या फीवरचा मिळतो, यंत्रांच्या विम्यावरचा मिळतो. लेथ मशीनच्या विम्यावर भरलेला कर वजा होतो, आणि त्या लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या आरोग्य विम्यावर भरलेला कर होत नाही! जीएसटी कायद्याच्या सतराव्या कलमात ज्या खर्चांवर क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची अशी वजावट, नाकारले आहे, त्यांत खाणेपिणे, सौंदर्योपचार आणि क्लबचे सदस्यत्व यांच्या पंगतीत आरोग्य विमाही बसवलेला आहे. म्हणजे कामगाराच्या ऑपरेशनची तजवीज ही मालकाची हौस आहे, असे कायदा मानतो.

याला एक अपवाद आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त खटकतो. एखाद्या कायद्याने कर्मचाऱ्यांचा विमा उतरवणे मालकावर बंधनकारक केले असेल, तर त्या हप्त्यावरच्या कराचे क्रेडिट मिळते. सक्तीने केले तर सवलत, आणि कोणी न सांगता केले तर भुर्दंड. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात, काम पुन्हा सुरू करणाऱ्या आस्थापनांनी कामगारांचा वैद्यकीय विमा उतरवणे अनिवार्य असल्याचे म्हटले होते. त्या आठवड्यात आमच्या वसाहतीत विमा एजंटांचे फोन दिवसभर खणखणत होते. आपत्तीच्या काळात सरकारलाच जी गोष्ट अत्यावश्यक वाटली, ती एरवी चैन कशी ठरते? प्राप्तिकराचा कायदा इथे अधिक समंजस आहे. तो या हप्त्याला व्यवसायाचा रीतसर खर्च मानतो आणि कर्मचाऱ्याच्या करपात्र पगारातही तो धरत नाही. एकाच सरकारचे दोन कायदे एकाच पावतीकडे दोन नजरांनी बघतात.

आणखी एक विसंगती वाचकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. ईएसआय महामंडळाच्या सेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे पगार २०,९०० असेल तर कामगाराच्या आरोग्य संरक्षणावर कर नाही. स्वतःची वैयक्तिक पॉलिसी परवडण्याइतका पगार असेल, तर आता तिच्यावरही कर नाही. यांच्या मधे जो अडकला आहे, ज्याला ईएसआयने बाहेर काढले आणि जो स्वतःच्या बळावर पॉलिसी घेऊ शकत नाही, अशा माणसासाठी त्याच्या मालकाने काढलेल्या विम्यावर मात्र १८ टक्के. सामान्य माणसाला विमा परवडावा हा सप्टेंबरच्या निर्णयाचा सांगितलेला हेतू होता. शिरोलीच्या मशीन शॉपमधला टर्नर त्या सामान्य माणसात मोडत नाही काय?

यावर तोडगा म्हणून एका सल्लागाराने मला गेल्या दिवाळीच्या सुमारास सुचवले की गट पॉलिसी मोडून टाका, प्रत्येकाला वैयक्तिक पॉलिसी घ्यायला लावा आणि हप्त्याचे पैसे तुम्ही द्या, कर वाचेल. मी अकरा जणांची माहिती त्यांच्याकडे पाठवली. चौघांच्या बाबतीत तपासणीची अट आली, दोघांना मधुमेहामुळे वाढीव हप्ता आणि प्रतीक्षा कालावधी सांगण्यात आला आणि फर्नेसवरच्या माणसाला, ज्याला पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, थेट नकार. कर वाचवण्याच्या नादात ज्याला विम्याची सर्वाधिक गरज आहे तोच उघड्यावर पडणार होता. मी पॉलिसी मोडली नाही. पण सगळेच मालक असा हिशेब करतील असे नाही, आणि १८ टक्क्यांची तफावत पुढे असताना तो त्यांनी करावा अशी अपेक्षा ठेवणे फारसे व्यवहार्यही नाही. करसवलतीची रचनाच जर गट फोडायला प्रोत्साहन देत असेल, तर तरुण आणि निरोगी कामगार वैयक्तिक पॉलिसीकडे वळतील, मागे उरतील ते आजारी आणि वयस्क, आणि त्यांच्या उरलेल्या गटाचा हप्ता कोणालाच परवडणार नाही.

याच संदर्भात नव्या कामगार संहितांचा उल्लेख करायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारी मालकावर आली. तरतूद चांगली आहे आणि ती मी आनंदाने पाळीन. पण तपासणीत साखर वाढलेली निघाली किंवा हृदयाच्या आलेखात काही आढळले, तर त्या क्षणापासून तो आजार त्या माणसाच्या नावावर लागतो आणि पुढे कधी वैयक्तिक पॉलिसीचा अर्ज भरताना तो लिहून द्यावा लागतो. ज्याच्यामागे गट विमा नाही, त्याच्या दृष्टीने ही तपासणी आजार दाखवते आणि विम्याचे दारही निम्मे लावून घेते. तपासणी अनिवार्य करताना त्यापुढील उपचारांचा विचार त्याच कलमाशेजारी व्हायला हवा होता.

कोणी म्हणेल की महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, मग हा खटाटोप कशाला? त्या योजनेने या जिल्ह्यात अनेकांचे प्राण वाचवले आहेत आणि आमच्याही दोन कामगारांच्या वडिलांच्या बायपास शस्त्रक्रिया तिच्यातून झाल्या. पण ती ठरावीक उपचारांच्या यादीवर आणि अंगीकृत रुग्णालयांवर चालते. यादीत न बसणारे आजारपण आले किंवा जवळच्या अंगीकृत रुग्णालयात खाट नसली, तर थोरल्या दवाखान्याची, म्हणजे सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयाची, वाट धरावी लागते, नाहीतर खिशात हात घालावा लागतो. सरकारी योजना, ईएसआय आणि गट विमा ही एकमेकांची जागा घेणारी साधने नव्हेत. एकाची जिथे हद्द संपते तिथे दुसऱ्याची सुरू व्हावी, आणि मधे फट राहू नये, एवढेच मागणे आहे.

मागणी करताना मला एक खबरदारी घ्यावीशी वाटते. गट विम्याच्या हप्त्यावरचा करही सरसकट शून्य करा, अशी घोषणा करणे सोपे आहे. पण कर शून्य झाला की विमा कंपनीला स्वतःच्या खर्चांवर, जसे की कार्यालयाचे भाडे किंवा एजंटांचे कमिशन, भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही आणि तो बोजा ती मूळ हप्त्यात मिसळते. वैयक्तिक पॉलिसींच्या बाबतीत ही चर्चा झालीच आहे. म्हणून आमच्यासारख्या नोंदणीकृत उद्योगांपुरता सरळ उपाय असा आहे की सतराव्या कलमातील ती अट काढून टाकावी आणि कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यावर भरलेल्या कराचे क्रेडिट, विमा सक्तीचा असो वा स्वेच्छेचा, मालकाला द्यावे. जे छोटे व्यावसायिक कंपोझिशन योजनेत आहेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरतात, आणि ज्यांना कोणतेच क्रेडिट मिळत नाही, तसेच शाळा आणि दवाखाने यांच्यासारखे ज्यांच्या सेवेवर करच नाही, त्यांच्यासाठी मात्र ठरावीक कर्मचारीसंख्येपर्यंतचा गट विमा करमुक्त करावा लागेल. दोन वेगळ्या प्रकारच्या मालकांना दोन वेगळे उपाय लागतात, हे कर परिषदेतील जाणकारांना माझ्याहून अधिक चांगले कळते.

ईएसआयची वेतनमर्यादा वाढवणे हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. ती वाढली तर माझ्यासारख्या मालकाचा खर्च वाढेल हे मला माहीत आहे. तरी ती वाढवावी, असेच मी म्हणेन, आणि एकदा वाढवून पुन्हा नऊ वर्षे विसरण्याऐवजी महागाईशी तिची सांगड घालावी. दरम्यान माणूस मर्यादेबाहेर जातो तेव्हा त्याच्या अंशदानाचे मालकाकडे वाचणारे पैसे, २१,००० च्या हिशेबाने वर्षाला आठ हजारांच्या वर, मालकाने त्याच्याच विम्याकडे वळवावेत, ही अपेक्षा गैर नाही. मी ते करतो. वर दिलेल्या उदाहरणात २८,८०० रुपयांचा कर म्हणजे साडेतीन कामगारांचे असे वाचलेले पैसे. ते सरकारजमा होतात.

आमच्याच घरातला एक मुद्दाही सांगतो. अकरा जणांचा गट दुबळा असतो, पण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत असे अकरा-बारांचे शेकडो गट आहेत. स्मॅक, गोशिमा यांसारख्या उद्योजक संघटनांनी पुढाकार घेऊन या सगळ्यांची एक सामाईक पॉलिसी केली, तर दोन शस्त्रक्रियांनी कोणाचाही हप्ता दुप्पट होणार नाही आणि विमा कंपनीशी अटींबाबत बोलतानाही आपला आवाज मोठा राहील. केवळ विमा घेण्यासाठी गट बनवता येत नाही, असा नियामकाचा नियम आहे. पण या संघटना काही विम्यासाठी स्थापन झालेल्या नाहीत. वीजदराच्या सुनावणीला आपण एकत्र जातो, पाणीपट्टीसाठी एकत्र निवेदने देतो. या कामासाठी एकत्र यायला काय हरकत आहे, हे संघटनेच्या बैठकीत मी विचारणार आहेच. इथेही विचारून ठेवतो.

नोकरी सोडणाऱ्या किंवा निवृत्त होणाऱ्या कामगाराला गट पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि त्याने गटात काढलेली वर्षे प्रतीक्षा कालावधीत धरली जातात, ही तरतूद फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. शेवटच्या दिवशी नारळ, शाल आणि ग्रॅच्युइटीचा धनादेश देताना एवढी माहिती देणे मालकाला जड नाही. आमचे फर्नेसवरचे गृहस्थ पुढील वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्या नावाचा असा अर्ज करण्याचे आम्ही ठरवले आहे. कंपनी तो स्टेंट पाहून स्वीकारते की नाही, ते तेव्हा कळेल.

आमच्या पॉलिसीचे नूतनीकरण येत्या एप्रिलमध्ये आहे. ब्रोकरने पाठवलेले दरपत्रक समोर आहे आणि त्याच्या तळाशी कराची ओळ नेहमीप्रमाणे वेगळी छापली आहे.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक,
शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर